वेबसाइटसाठी सॉफ्टवेअर कसं निवडाल? टेम्प्लेट बघण्याआधीची कामं

वेबसाइट बनवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा टेम्प्लेटची, म्हणजे तयार साच्यांची, गॅलरी उघडतो, डोळ्यांत भरेल ते उचलतो आणि त्यात आपला मजकूर कोंबायला लागतो. टेम्प्लेटमधला मथळा तीन शब्दांचा असतो, तुमचा अकरा शब्दांचा. तिथले फोटो स्टुडिओतले, तुमचे मोबाइलवरचे. मग दोन दिवस मजकूर कापण्यात जातात. रंग, फॉन्ट, समासातली जागा हे सगळं पुढेही बदलता येतं. पण मजकूर बाहेर काढता येतो का, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, साइट सांभाळणार कोण, या गोष्टी उशिरा सोडवायला गेलं की घाम फुटतो. त्यामुळे खालच्या क्रमात टेम्प्लेट जवळजवळ कुठेच नाही.

१. कागदावर पानांची यादी करा

प्रत्येक पानाचं नाव लिहा आणि समोर तीन रकाने करा: हे पान किती वेळा बदलणार, कोण बदलणार, आणि वाचण्यापलीकडे त्यावर काही घडणार आहे का. घडणं म्हणजे फॉर्म भरणं, पैसे देणं, वेळ ठरवणं, लॉगिन करणं.

यादी पूर्ण झाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. पाच-सात पानं, वर्षातून दोनदा बदल, एक संपर्क फॉर्म एवढंच असेल तर डेटाबेसची, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या वेगळ्या कोठाराची, गरज नाही. दर आठवड्याला लेख, दोन-तीन लिहिणारे, विभाग आणि शोध असेल तर लॉगिन करून मजकूर लिहायची-बदलायची कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे सीएमएस, हवीच. वस्तू, साठा, कर, परतावा असेल तर ते दुकान आहे. त्याला दुकानाचंच सॉफ्टवेअर घ्यावं, उदाहरणार्थ शॉपिफाय किंवा वर्डप्रेसवर वूकॉमर्स. साध्या साइटला मागाहून दुकानाचं ठिगळ लावता येतं, पण अर्धवट राहिलेली पेमेंट आणि साठ्याचा हिशोब यांत ते पहिल्यांदा उसवतं.

"कोण बदलणार" हा रकाना रिकामा सोडू नका. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) बघून दचकणाऱ्या माणसाच्या हाती स्टॅटिक जनरेटरवरची (तो काय ते पुढच्या टप्प्यात) साइट दिली, तर ती कितीही वेगवान असो, सहा महिन्यांत तिच्यावरचा फोन नंबरसुद्धा जुना झालेला असतो.

२. सॉफ्टवेअरची घराणी ओळखा

नावं शेकडो आहेत, प्रकार मोजके.

ऑनलाइन बिल्डर: विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो, गूगल साइट्स. ब्राउझरमध्येच मांडणी करायची, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, त्यांचंच, अपडेटची कटकट नाही. सर्व्हर म्हणजे काय हे जाणून घ्यायची इच्छाच नसलेल्यांसाठी हा खरोखर चांगला मार्ग आहे, आणि जाणकार त्याला नाकं मुरडतात ते उगाच. किंमत चुकवावी लागते ती स्वातंत्र्याची. विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा घेतलेला टेम्प्लेट त्याच साइटवर बदलता येत नाही; नवा हवा तर नवी साइट उभी करायची. गूगल साइट्स मोफत आणि सोपं आहे, पण मांडणीला मर्यादा फार. वेबफ्लो ताकदवान आहे, मात्र सीएसएस या सजावटीच्या भाषेतलं मार्जिन, पॅडिंग, फ्लेक्स समजत नसेल तर त्याचा पडदा बघून गांगरायला होतं.

स्वतःच्या होस्टिंगवरचं सीएमएस: इथे सहसा वर्डप्रेस. २००३ साली आलेलं, मुक्त परवान्याचं, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालणारं. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर आहेत, त्यामुळे अडचण आली की उत्तर सापडतं. हल्लेखोरांनाही ते तितकंच ओळखीचं आहे, हे विसरू नका. नवख्यांचा नेहमीचा गोंधळ असा: वर्डप्रेस डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर मिळतं, ते आपल्या होस्टिंगवर बसवायचं असतं, वर्डप्रेस डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची होस्टिंगसकट सेवा आहे आणि तिथे काय काय चालेल ते प्लॅननुसार ठरतं. इंटरनेटवरचं एखादं ट्युटोरियल बघताना ते यातल्या कशाबद्दल आहे हे आधी बघा, नाहीतर प्लगइनचा, म्हणजे जादा सोयी जोडणाऱ्या तुकड्यांचा, मेनूच सापडणार नाही.

स्टॅटिक जनरेटर: ह्यूगो, जेकिल, इलेव्हन्टी. मजकूर मार्कडाउन (साध्या खुणांच्या) फाइलींत लिहायचा, एक कमांड चालवायची, तयार एचटीएमएल पानं बाहेर पडतात. डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे फोडायलाही फारसं काही नाही. गिटहब पेजेस, नेटलिफाय, क्लाउडफ्लेअर पेजेस अशा ठिकाणी छोटी साइट मोफत ठेवता येते. गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि टर्मिनलची तोंडओळख मात्र लागते.

हाताने लिहिलेलं एचटीएमएल आणि सीएसएस: तीन पानांच्या साइटला हे अजूनही उत्तम. व्हीएस कोडसारखा मोफत एडिटर पुरे. दहा पानांवर गेलात की प्रत्येक फाइलीत मेनू दुरुस्त करताना जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा स्टॅटिक जनरेटरकडे वळा.

ड्रीमवीव्हरसारखी डेस्कटॉप सॉफ्टवेअर अजून आहेत. नव्याने शिकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जायचं कारण दिसत नाही. फिग्मा या डिझाइनच्या साधनात मात्र साइटचं चित्र काढता येतं म्हणून ती साइट बनली असं समजू नका. आराखडा आणि चालणारी साइट यांत बरंच काम शिल्लक असतं.

३. बाहेर पडायची वाट आधी बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि जाहिरातीत याबद्दल अवाक्षर नसतं. सॉफ्टवेअर बंद पडतात. ॲडोबी म्यूज हे न कोडता साइट बनवायचं लोकप्रिय साधन होतं. ॲडोबीने २०१८ मध्ये त्याचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मार्च २०२० मध्ये सपोर्टही संपला. बनलेल्या साइट चालू राहिल्या, पण म्यूजची फाइल दुसऱ्या कशात उघडून पुढे काम करायची सोय नव्हती. लोकांना साइट पहिल्यापासून बांधाव्या लागल्या.

म्हणून खातं उघडण्याआधी त्या सॉफ्टवेअरच्या मदत-पानांवर "एक्स्पोर्ट", म्हणजे मजकूर बाहेर काढायची सोय, शोधा. काय सापडेल ते साधारण असं:

विक्स: साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. ती त्यांच्याच सर्व्हरवर चालते.

स्क्वेअरस्पेस: वर्डप्रेसला चालेल अशी एक्सएमएल फाइल मिळते, पण सगळ्या प्रकारची पानं तीत येत नाहीत आणि मांडणी तर नाहीच.

वेबफ्लो: पैसे भरून घेतलेल्या ठरावीक प्लॅनवर एचटीएमएल, सीएसएस आणि चित्रं मिळतात. त्यांच्या सीएमएसमधला मजकूर त्यात नसतो, तो वेगळ्या सीएसव्ही फाइलीत काढावा लागतो. फॉर्मही बाहेर चालत नाहीत.

स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस: फाइली आणि डेटाबेस दोन्ही तुमच्या हातात. हवं तिथे न्या.

स्टॅटिक जनरेटर: मूळ मजकूर साध्या फाइलींत तुमच्या संगणकावरच असतो. इथे एक्स्पोर्टचा प्रश्नच येत नाही.

वर्डप्रेसबद्दल दोन सापळे सांगायलाच हवेत. टूल्स मेनूतल्या एक्स्पोर्टने जी एक्सएमएल फाइल मिळते तिच्यात चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. नव्या साइटवर इम्पोर्ट करताना ती चित्रं जुन्या साइटवरून ओढली जातात. जुनं होस्टिंग आधीच बंद केलंत तर लेख येतील, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी येतील. दुसरा सापळा पेज बिल्डर प्लगइनचा. काही बिल्डर आपली मांडणी चौकटी कंसातल्या शॉर्टकोडच्या (फक्त त्या प्लगइनला कळणाऱ्या खुणांच्या) रूपात मजकुरातच लिहून ठेवतात. प्लगइन बंद केलं की पानभर त्या कंसांची रांगोळी दिसते. ट्रायलच्या साइटवर एक पान बनवा, प्लगइन बंद करा आणि पान पुन्हा उघडा. दोन मिनिटांत कळतं.

४. डोमेन वेगळं, स्वतःच्या नावावर

बिल्डर किंवा होस्टिंग कंपनी "पहिल्या वर्षी डोमेन मोफत" म्हणते. घ्यायला हरकत नाही, पण नोंदणीत मालक म्हणून तुमचंच नाव आणि ईमेल आहे ना, हे तपासा. साइट दुसऱ्याकडून बनवून घेत असाल तर हे दुप्पट काळजीने बघा. डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्याशी बिनसलं त्या दिवशी तुमचा पत्ता गेला. डॉट कॉमसारखं डोमेन नोंदणीनंतरच्या पहिल्या ६० दिवसांत सहसा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेता येत नाही, त्यामुळे रजिस्ट्रारही विचार करून घ्या. आणि नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका: डोमेनची मुदत संपली की ते सांगणारा मेलही पोचत नाही.

डोमेनच्या साइट आणि ईमेलचा रस्ता सांगणाऱ्या नोंदींना डीएनएस म्हणतात, आणि त्या ठेवणाऱ्या सर्व्हरला नेमसर्व्हर. नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट घ्या. साइट नव्या ठिकाणी नेण्याच्या नादात ईमेलच्या एमएक्स नोंदी मागे राहतात आणि साइट दिसते पण ईमेल बंद पडतो. बदल सगळीकडे पोचायला काही तास, क्वचित ४८ तासही लागतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदल करत बसलात तर नक्की कशामुळे काय झालं हे कळणार नाही.

५. सगळ्यात अवघड पान आधी बनवा

आता कुठे सॉफ्टवेअर उघडायचं. दुसऱ्या टप्प्यातल्या सॉफ्टवेअरमधून दोनच पर्याय निवडा आणि दोन्हींच्या ट्रायलमध्ये एकच पान बनवा. मुख्यपान नको, ते कुठेही छानच दिसतं. यादीतलं सगळ्यात किचकट पान घ्या: चार रकान्यांचा तक्ता, पाच फोटो, एक फॉर्म, लांबलचक मथळा. खरा मजकूर टाका, नमुना मजकूर नको.

मग हे तपासा:

मोबाइलवर, म्हणजे साधारण ३६० पिक्सेल रुंदीत, तक्ता कसा दिसतो? अख्खं पानच आडवं सरकायला लागलं तर पुढे प्रत्येक तक्त्याला हे भोगावं लागेल.

फोटो टाकल्यावर सॉफ्टवेअर तो लहान करतं का? मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि काही एमबींचा असतो. पानावर १६०० पिक्सेल रुंदी बहुतेक वेळा पुरते, आणि वेबपी या चित्रांच्या स्वरूपात तो दोन-तीनशे केबीत बसायला हवा.

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साधनात पानाचा पत्ता टाका आणि मोबाइलचे आकडे बघा. गूगलच्या मापाने मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि लेआउट हलण्याचा (पान उघडताना मजकूर सरकण्याचा) आकडा ०.१ च्या खाली असावा. क्लिकचा आकडा खऱ्या वाचकांच्या वापरातूनच येतो, त्यामुळे नव्या पानाला तो लगेच दिसणार नाही. बाकीचे, साधन स्वतः चाचणी करून देतं ते प्रयोगशाळेतले आकडे तुलनेला पुरेत. रिकाम्या टेम्प्लेटलाच जर पाच सेकंद लागत असतील तर तुमचा मजकूर भरल्यावर ते कमी होणार नाहीत.

माउस बाजूला ठेवून फक्त टॅबच्या कळीने मेनूपासून फॉर्मच्या बटणापर्यंत जाता येतं का? अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ आहे का? फिकट राखाडीवर पांढरं टेम्प्लेटमध्ये झकास दिसतं आणि उन्हात वाचता येत नाही.

शेवटी साइट सांभाळणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला म्हणा, यातला फोन नंबर बदल. तुम्ही हाताची घडी घालून बसा, एक शब्द सांगू नका. त्याला जमलं तर सॉफ्टवेअर पास.

६. देवनागरीची वेगळी परीक्षा

मराठीत साइट करणार असाल तर बहुतेक टेम्प्लेट रोमन अक्षरांसाठी मापलेले असतात, हे गृहीत धरा. चाचणीच्या पानावर "दुसऱ्या", "ऱ्हस्व", "ॲप", "ज्ञानेश्वरी" असे शब्द टाका. ॲच्या जागी चौकोन आला किंवा ऱ्या तुटला तर फॉन्ट बदला. मुक्ता आणि नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत फॉन्ट सुरुवातीला चांगले.

मथळ्याची ओळ-उंची टेम्प्लेटमध्ये अनेकदा १.१ किंवा १.२ असते. देवनागरीत मग खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. मथळ्याला किमान १.४ आणि मजकुराला १.६ ते १.७ ठेवा. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटक दिसते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, आणि ही नोंद असली तरच ब्राउझर ते वापरतो.

पानांचे पत्ते हा वेगळाच ताप. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्ता बनवतं, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात टक्केवारीच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हं खाते. मर्यादा २०० ची. म्हणजे मथळ्यातल्या साधारण २२ खुणांनंतर पत्ता छाटला जातो, आणि तो कुणाला पाठवला की भलामोठा सांडलेला मजकूर दिसतो. प्रत्येक पानाचा पत्ता रोमन अक्षरांत, छोटा, हाताने लिहा. आणि प्रसिद्ध करण्याआधीच लिहा. मागाहून बदललात तर जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे नव्या पत्त्याकडे कायमचं वळण, लावावं लागतं.

कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तसाच चिकटवलात तर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल.

७. खर्च तीन वर्षांचा मांडा

पहिल्या वर्षाचा भाव हा आमिषाचा असतो. एका तक्त्यात तीन वर्षांचे रकाने करा आणि डोमेनचं नूतनीकरण, होस्टिंग किंवा बिल्डरचं नूतनीकरण, विकतच्या थीम-प्लगइनची वार्षिक फी, ईमेल खाती आणि विक्री असेल तर दर व्यवहारामागची कपात अशा ओळी लिहा. नूतनीकरणाचा दर मोठ्या अक्षरांत लिहिलेला नसतो. पैसे भरायच्या पानावर, बारीक टाइपात, तो सापडतो. एसएसएल प्रमाणपत्रासाठी, म्हणजे साइट सुरक्षितपणे (एचटीटीपीएसवर) उघडण्यासाठी लागणाऱ्या दाखल्यासाठी, सहसा वेगळे पैसे मोजू नका. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं मोफत असतात आणि बहुतेक होस्टिंग ती आपोआप बसवून वेळेवर नवी करतात.

८. सुरू करण्याआधी जवळ काय असावं

- पानांची यादी आणि निदान तीन पानांचा खरा, तपासलेला मजकूर
- लहान केलेले फोटो, आणि ते वापरायची परवानगी
- लोगो शक्यतो एसव्हीजी (कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या) स्वरूपात
- डोमेन, होस्टिंग आणि साइट यांचे वेगवेगळे पासवर्ड, पासवर्ड मॅनेजरमध्ये
- तिन्ही ठिकाणी दोन टप्प्यांचं लॉगिन चालू
- जुनी साइट असेल तर तिच्या सगळ्या पत्त्यांची यादी, रीडायरेक्टसाठी
- गोपनीयता धोरणाचं पान, फॉर्ममधून माहिती घेणार असाल तर

९. निवड झाल्यावर पहिल्या आठवड्यात अडकवणाऱ्या गोष्टी

वर्डप्रेस घेतलंत तर पर्मालिंक, म्हणजे पानाच्या पत्त्याचा साचा, "पोस्ट नेम" वर आधीच ठेवा. सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये सर्च इंजिनला मनाई करणारा चौकोन असतो; बांधकाम चालू असताना तो टिकमार्क करतात आणि साइट सुरू झाल्यावर काढायचा राहून जातो. मग महिनाभर गूगलला शिव्या. प्लगइन मोजकी ठेवा आणि शेवटचं अपडेट कधी आलं ते बघून घ्या. "क्रॅक केलेली" विकतची थीम मोफत मिळाली तर ती बसवू नका; तिच्यात घुसवलेला कोड असण्याची शक्यता मोठी.

संपर्क फॉर्म हा हमखास दगा देणारा भाग. "प्रेषक" या जागी लोक फॉर्म भरणाऱ्याचा ईमेल टाकतात. समोरच्या मेल सेवेला ते तोतयेगिरी वाटतं आणि पत्र स्पॅममध्ये जातं. प्रेषक म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्या, भरणाऱ्याचा पत्ता "रिप्लाय टू" मध्ये. मेल एसएमटीपीमार्फत (मेल पाठवायच्या सर्व्हरमार्फत) पाठवा आणि मेल खरोखर तुमचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम नोंदी डोमेनला लावा.

स्टॅटिक किंवा हाताने लिहिलेल्या साइटवर नेहमीची तक्रार: "माझ्या संगणकावर चित्रं दिसतात, सर्व्हरवर नाही." विंडोज फाइलीच्या नावातली लहान आणि मोठी रोमन अक्षरं एकच मानतं, लिनक्सचा सर्व्हर वेगळी मानतो. सगळी नावं लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. चित्रं येतात पण सगळी सजावट गायब असेल तर जनरेटरच्या सेटिंगमधला बेस यूआरएल (साइटचा मूळ पत्ता) चुकलाय. आणि इथे फॉर्मला सर्व्हर नसतो, त्यामुळे एखादी फॉर्म सेवा जोडावी लागते.

ऑनलाइन बिल्डरवर मजकुराची एक प्रत महिन्यातून एकदा साध्या फाइलीत स्वतःकडे ठेवा, चित्रांसकट. तिसऱ्या टप्प्यात सांगितलेली एक्स्पोर्टची मर्यादा अडवायला आली की तीच उपयोगी पडते.

बॅकअप कुठल्याही प्रकारात एकदा परत बसवून बघा. सब-डोमेनवर किंवा संगणकावरच्या चाचणी-साइटवर पूर्ण साइट उभी करा, तीन-चार पानं उघडा, फॉर्म पाठवा. वर्डप्रेसवर हे करताना बॅकअपची फाइल अपलोडच होत नाही असं आढळलं तर पीएचपीची अपलोड मर्यादा बघा. मूळ सेटिंगमध्ये ती फक्त २ एमबी असते. होस्टिंगच्या पॅनेलमधून ती वाढवता येते, किंवा फाइल एसएफटीपीने (फाइली सुरक्षितपणे पाठवायच्या पद्धतीने) थेट सर्व्हरवर टाकून तिथूनच बसवता येते.